थंडीत सँडलवर पळताना

अरे, सोलापुरात जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे सँडल घालून निघालास की पहिली दहा मिनिटं बोटं गारठणारच. तेवढ्यानं बूट विकत घेऊ नकोस. घरातच जागेवर उड्या मारून अंग तापव, मग बाहेर पड. मोजे घालायचे तर बोटं सुटी असलेले, लोकरीचे घे. अंगठ्यातला पट्टा नीट बसतो. सुती नकोतच, घाम धरून ठेवतात आणि पाय आणखी गार पडतो. दव पडलेल्या गवतावरून जाऊ नकोस. मोज्यांवर पट्टे थोडे सैल कर, आवळलेस तर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. माझी बोटं बधिर व्हायची ती यामुळेच, थंडीला उगाच दोष देत होतो. पोटऱ्या आणि कानही झाक. बोटं बधिरच राहिली तर मात्र सरळ घरी ये.