मजुरी महागली म्हणून यंत्र आणलं, तर ती तंत्रज्ञानातली प्रगती म्हणायची का?

नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. खड्डा खणायला वीस माणसं फावडी घेऊन लावा, नाहीतर एक जेसीबी आणि एक चालक. जेसीबी बाजारात आधीपासून होताच. मजुरी वाढल्यावर तो परवडायला लागला, एवढंच. याला श्रमाच्या जागी भांडवल येणं म्हणतात. तेवढीच माणसं आणि तेवढीच यंत्रं जास्त काम उरकायला लागली, तर ते तांत्रिक बदल.

श्रम आणि भांडवल यांची ही अदलाबदल किती सहज होते, याचं माप म्हणजे प्रतिस्थापन लवचिकता. अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी 1932 मध्ये मांडलेली. ती 1 पेक्षा कमी असेल, तर भांडवलाच्या खर्चाच्या तुलनेत मजुरी वाढल्यावर उत्पन्नातला कामगारांचा वाटा वाढतो. 1 पेक्षा जास्त असेल तर उलट, वाटा घटतो. लोक नेमकं इथेच गोंधळतात.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेचा 1909 ते 1949 चा हिशेब मांडला. दर श्रमतासाचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं, आणि त्यात वाढीव भांडवलाचा वाटा जेमतेम एक अष्टमांश! बाकी सगळं तांत्रिक बदलाच्या खात्यावर. अर्थात त्या खात्यात शिक्षणापासून व्यवस्थापनापर्यंत काहीही येतं. शिवाय नवं तंत्र बहुतेकदा नव्या यंत्रातूनच कारखान्यात शिरतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही वेगळं करणं अवघडच.