घरी केलेले कोरियन पद्धतीचे चिकन सॉसमध्ये घोळताच मऊ का पडते? गोचुजांग या कोरियन मिरचीच्या पेस्टऐवजी भिवापुरी तिखट चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: माझ्या मते चालणार नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची सावजी रश्श्यात शोभते; पण कोरियन मिरची रंगाला लालभडक आणि तिखटाला बेताची असल्यामुळे ती सढळ हाताने घातली जाते, आणि तेवढ्याच मापाने भिवापुरी घातली तर पहिल्या घासालाच पाण्याचा तांब्या शोधावा लागेल. त्यापेक्षा ब्याडगी घ्यावी. गोचुजांग ही मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन मुरवून केलेली असते (सोयाबीन विदर्भात पोत्यांनी पिकते, पण ते असे मुरवून खाण्याची रीत आपल्याकडे नाही), त्यामुळे डबा ऑनलाइन मागवणे उत्तम. न मिळाल्यास ब्याडगी, सोया सॉस आणि थोडा गूळ यांवर भागते, मात्र ती मुरलेली चव येत नाही.

आता मऊपणाविषयी. अर्धा किलो बोनलेस लेग पीस मीठ, मिरपूड आणि आले-लसूण लावून ठेवावेत, सुटलेले पाणी निथळून टाकावे आणि मैद्याऐवजी कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये दाबून घोळवावेत. मध्यम आचेवर ते शिजेपर्यंत तळून जाळीवर दहा मिनिटे ठेवावेत. या वेळात आतला ओलावा आवरणात उतरतो आणि मघाशी कडक वाटलेला तुकडा बोटाला नरम लागू लागतो. मग तेल चांगले तापवून दोन-तीन मिनिटे पुन्हा तळले की तो ओलावा उडून जातो. एकदाच तळले तर तो आवरणातच राहतो, आणि मऊपणाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

सॉससाठी दोन मोठे चमचे गोचुजांग, तेवढीच साखर, एकेक चमचा सोया सॉस व व्हिनेगर, दोन चमचे टोमॅटो केचप आणि भरपूर बारीक चिरलेला लसूण घ्यावा. मिश्रण मोठे बुडबुडे येऊन चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत आटवावे, कारण पातळ सॉस आवरणात शिरतो आणि घट्ट सॉस वर बसतो. कोरियात भाजलेल्या तिळांचे तेल वापरतात. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसल्याने मी तीळ खमंग भाजून वरून पेरतो.

पाने वाढल्यावरच चिकन सॉसमध्ये घोळावे. सोबत कोरियन लोक व्हिनेगर, साखर आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या मुळ्याच्या फोडी खातात. त्या आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवाव्यात.