काकडीच्या पानांवर पिवळे डाग पडून पानं वाळतात, खायच्या सोड्याची फवारणी करूनही थांबत नाही. हा कोणता रोग, आणि पुढच्या वेळी तो कसा टाळावा?

तुमच्या वर्णनावरून हा बहुतेक केवडा (डाउनी मिल्ड्यू) नावाचा पानांचा रोग आहे, आणि सोड्याचा उपयोग न होण्याचं कारणही तेच. खायचा सोडा थोडाफार चालतो तो भुरी या दुसऱ्या रोगावर. केवड्यावर त्याची मात्रा चालत नाही.

दोन्हींची लोक सर्रास गल्लत करतात, पण त्यांचे स्वभाव उलटे आहेत. भुरी म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखे पांढरे ठिपके. बोटाने पुसले तर थोडे निघतात. तिला ओलं पान लागत नाही. कोरडी हवा, दाटी आणि सावली तिला मानवते. केवड्याला मात्र पानावर पाणी हवंच. पान काही तास ओलं राहिलं की बीजाणू (रोगाचे सूक्ष्म बीजकण) आत शिरतात आणि चार ते दहा दिवसांत डाग दिसू लागतात. म्हणजे आज दिसणारा डाग गेल्या आठवड्यातल्या ओलाव्याचा असतो. शिवाय केवड्याचा जंतू खरी बुरशी नाही, पाण्यातल्या शेवाळांना जवळचा आहे. त्यामुळे भुरीवर उत्तम चालणारं गंधक इथे वाया जातं.

पक्की खात्री करायची तर सकाळी दव असताना डाग पडलेलं पान उलटं करून बघा. वरचा डाग गोल नसेल, शिरांच्या मधे अडकल्यासारखा कोनदार असेल आणि त्याच्या बरोबर खाली करडी-जांभळट लव असेल, तर केवडाच. उन्हं वर आली की ही लव दिसेनाशी होते, म्हणून दुपारी पाहून निष्कर्ष काढू नका. लव दिसलीच नाही तर पान तोडून ओल्या कागदाच्या तुकड्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. केवडा असेल तर सकाळपर्यंत बहुधा लव उगवते.

कोनदार डाग आहे पण लव येत नाही, डाग पाणी भरल्यासारखा दिसतो, वाळल्यावर पांढरट पापुद्रा धरतो आणि मधला भाग गळून भोक पडतं, तर तो जिवाणूंचा ठिपका. तो बियाण्यातून येतो, त्यामुळे त्या वेलीचं बी धरू नका. तपकिरी, गोलसर आणि मधे चिरणारे डाग म्हणजे करपा. त्यात फळावरही खोलगट डाग पडतात. पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची चित्रविचित्र नक्षी, पानं आखडलेली आणि फळं खडबडीत, हा मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. वेल उपटून टाका आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) आवरा, कारण तोच विषाणू पसरवतो. कोवळ्या शेंड्यांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच मावा खाली पडतो.

वेल भर दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी सावरते, तर घाबरू नका, ती उन्हाची तलखी आहे. सकाळीही मलूल दिसली तर बुंध्याजवळची फांदी उभी चिरून बघा. आत तपकिरी रेषा असतील तर मर रोग. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत. दोन्हींमध्ये त्या मातीत पुढची दोन-तीन वर्षं काकडी, भोपळा, दोडका यांपैकी काही लावू नये. कुंडी असेल तर माती बदला.

आता तुमच्या वेलीचं. डागाळलेली पानं कोरड्या वेळी, म्हणजे दव सुकल्यावर कापा. मात्र एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, नाहीतर फळं उन्हाने भाजतात. कात्री प्रत्येक वेलीनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कंपोस्टचा ढीग नीट तापत नसेल तर ही पानं त्यात टाकू नका. उरलेल्या निरोगी पानांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूलाही लागेल असं फवारा. हे औषध संरक्षक आहे, झालेला डाग बरा करत नाही. म्हणून नवी पानं स्वच्छ येतात का, यावरच त्याचा गुण मोजा. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वेष्टनावर लिहिलेलं असतं.

भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण तापमान ३० अंशांच्या वर असेल तर नको, काकडीची पानं करपतात. गंधक आणि कडुनिंब तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. सोडा वापरायचाच तर लिटरला ५ ग्रॅम आणि साबणाचे दोन थेंब, आधी एका पानावर करून बघा. कुंडीत वरचेवर सोडा दिला तर मातीत सोडियम साचतं, म्हणून मला तो फारसा पसंत नाही.

पण निम्मी लढाई पाण्याची आहे. नळीने पानांवर पाणी मारणं बंद करा. पाणी सकाळी, बुंध्याशी द्या, म्हणजे पाऊस-दव सोडून पान ओलं राहण्याचं कारण उरत नाही. वेल जमिनीवर पसरू न देता जाळीवर चढवा, दोन वेलींत निदान ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घातलं की पाण्याबरोबर माती उडून खालच्या पानांना लागत नाही. नत्राचा (नायट्रोजन खताचा) भडिमार केला तर पानं लुसलुशीत आणि दाट होतात, तीच भुरीची आवडती जागा. पुढच्या हंगामासाठी बी घेताना पाकिटावर केवडा आणि भुरी सहन करणारी जात असा उल्लेख शोधा. आणि वेल ओली असताना काकड्या तोडू नका. हाताला, कपड्यांना चिकटून जिवाणू आणि करपा पुढच्या वेलीवर जातात.