भजनी मंडळात फ्लूची साथ पसरू नये म्हणून काय करावे?

एकाला फ्लू झाला की आठवडाभरात निम्मे टाळकरी अंथरुणाला खिळतात, आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंडी न्यायची असल्याने हे कसे टाळावे, असे आपण विचारले आहे. पंचवटीतील एका भजनी मंडळाच्या सप्ताहाची व्यवस्था मी पाहतो, त्यामुळे ही काळजी माझीही आहे.

आजारी माणसाला घरी थांबणे सोपे करणे, हा माझ्या मते सर्वांत मोठा उपाय आहे. लागण झाल्यावर साधारण १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. परंतु लक्षणे दिसण्याच्या सुमारे १ दिवस आधीपासून ती सुरू झाल्यानंतर ५ ते ७ दिवसांपर्यंत त्या माणसाकडून इतरांना लागण होऊ शकते, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत अंगात ताप असलेला विणेकरी पहाऱ्याला उभा राहतो, कारण अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते आणि आपल्या जागी कोणी नाही हे त्याला ठाऊक असते. म्हणून पहाऱ्याच्या यादीत प्रत्येक वेळेसाठी एक राखीव नाव आधीच लिहून ठेवावे, आणि तापात घरी राहिल्याने सेवा मोडत नाही, हे मंडळातील ज्येष्ठांनी किंवा कीर्तनकार महाराजांनी सर्वांसमोर सांगावे; व्यवस्थापकाच्या सूचनेपेक्षा त्यांच्या शब्दाला फार वजन असते. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही, तरच परत यावे, आणि पुढचे काही दिवस मास्क लावावा.

दुसरी गोष्ट हवेची. मोठ्या आवाजात गाताना तोंडातून उडणारे सूक्ष्म थेंब बोलण्यापेक्षा अधिक असतात, आणि नाशिकच्या जानेवारीतील थंडीमुळे आपण सभागृहाची दारे-खिडक्या लावून तासन्‌तास भजन करतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या तरी उघड्या ठेवाव्यात, शाल-कानटोपी घालून बसावे, आणि शक्य असेल तर भजन उघड्या मंडपात करावे. गायकांनी एकच माइक तोंडाशी धरून आळीपाळीने वापरू नये.

तीर्थ तळहातावर घेऊन तोंडाला लावले जाते, म्हणून ते घेण्याआधी साबणाने हात धुण्याची सोय दाराशीच असावी. खोकला किंवा सर्दी असलेल्याने प्रसाद वाढू नये. कीर्तनानंतरची उराभेट साथीच्या दिवसांत हात जोडून व्हावी. मला स्वतःला हे जड जाते, तरीही मी तसाच आग्रह धरतो.

महाराष्ट्रात फ्लू साधारणपणे जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात वाढतो. लशीचा परिणाम दिसायला सुमारे २ आठवडे लागतात, त्यामुळे यात्रेला निघणाऱ्या ज्येष्ठांनी, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत घ्यावी. लस दरवर्षी घ्यावी लागते.

दिंडीत कोणाला धाप लागली, छातीत दुखू लागले, ग्लानी आली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मुक्कामाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. फ्लूवरील विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून दिंडीसोबत एक गाडी आणि वाटेवरील दवाखान्यांचे दूरध्वनी क्रमांक ठेवावेत.