फायबरवरच्या टीव्हीचा व्यवसाय: खानापूरच्या तरुणास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

इंटरनेटवरून घरोघरी टीव्ही पोहोचवण्याच्या व्यवसायात उतरावे का, असे तू विचारले आहेस. पुण्याची वाट न धरता तू आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातच काही उभारू पाहतोस, याचा मला आनंद आहे. मात्र नुसत्या वाहिन्या विकून तुझे घर चालणार नाही. मोठ्या कंपन्या ब्रॉडबँडच्या पॅकमध्येच वाहिन्या आणि ओटीटी देतात, त्यांच्या दराशी तुला झुंजता येणार नाही. तुझी खरी संधी फायबर, म्हणजे घरोघरी इंटरनेट नेणारी काचेच्या तंतूंची केबल, सांभाळण्यात आहे.

जांबोटी-कणकुंबीकडे मुसळधार पाऊस लागला की डीटीएचचा सिग्नल जातो, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या रेडिओ लहरी पावसात क्षीण होतात. फायबरला ही बाधा नाही. पण फांदी पडून खांबावरची केबल तुटते, आणि ती त्याच दिवशी जोडून देणाऱ्याकडेच गिऱ्हाईक टिकते. म्हणून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेले फायबर जोडण्याचे काम, आधी स्वतः शिक, हेस्कॉम या वीज कंपनीच्या खांबांवरून केबल नेण्याची परवानगी रीतसर घे आणि वीज गेल्यावरही ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांचे फायबर जिथून निघते ते तुझ्याकडचे मुख्य यंत्र, चालेल इतकी बॅटरी ठेव. जीपॉन या फायबर वाटपाच्या पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टचे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेटच्या तारेवरून येणाऱ्या टीव्ही वाहिन्या, मल्टिकास्टवर चालत असेल, तर एकच वाहिनी कितीही घरे पाहत असली तरी तिचा प्रवाह त्या पोर्टवरून एकदाच जातो. ओटीटीवर मात्र प्रत्येक घराचा प्रवाह वेगळा असतो, म्हणून क्रिकेट सामन्याच्या संध्याकाळचा हिशेब आधी मांड.

स्वतःच्या परवान्याची घाई नको. एखाद्या परवानाधारक इंटरनेट कंपनीचा भागीदार म्हणून सुरुवात कर. केबल ऑपरेटरची नोंदणी लागलीच, तर जानेवारी २०२५ पासून ती ऑनलाइन होते. शुल्क ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षे. कोणी शेकडो वाहिन्यांचे चोरटे ॲप विकायला दिले, तर त्याला दारातूनच परत पाठव. कॉपीराइट कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. आपल्याकडे एकाच घरात आजीला मराठी मालिका हवी असते आणि नातवंडांना कन्नड वाहिनी, पण कर्नाटकासाठीचे पॅक बहुधा कन्नड प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेले असते. दोन्ही भाषांचे पॅक द्यायला कंपनी तयार आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचार.

करारावर सही करण्यापूर्वी मासिक वसुलीतला तुझा वाटा किती आणि तुटलेल्या केबलचा खर्च कोणाचा, ही दोन कलमे मला आणून दाखव.

तुझा हितचिंतक