मुलाच्या बरगडीचं हाड विरघळतंय, गॉरहॅम-स्टाउट या दुर्मिळ आजाराचा संशय आहे (यात लसीकेच्या, म्हणजे लिम्फ या अंगातल्या द्रवाच्या, नळ्या वाढतात आणि हाड नाहीसं होत जातं). सीटी झालाय, मग पुन्हा एमआरआय कशाला?

करून घ्या. सीटीत हाडाचं वरचं कवच शाबूत आहे की खाल्लं गेलंय ते दिसतं. पण हाडाभोवतीच्या मांसात, प्लीहेत लसीकेनं भरलेल्या पोकळ्या एमआरआयमध्ये पांढऱ्याशुभ्र उठून दिसतात. कवचच गेलं असेल तर गॉरहॅमची शंका बळावते. कवच टिकून पुष्कळ हाडांच्या आत भोकं असतील तर बहुधा त्याच्याच भावकीतला दुसरा लसीका-विकार. पण मला विचारायचंय ते वेगळं: मुलाचा सगळ्यात पहिला एक्स-रे जपून ठेवलाय का?

आम्ही खानापूर तालुक्यातले. लेक ११ वर्षांची असताना सायकलवरून पडली, गळ्याजवळचं कॉलर बोन मोडलं. पट्टा बांधला, हाड जुळेना. बेळगावात एके ठिकाणी नवा फोटो काढला आणि हाडाचा क्षय म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मी पिशवीतून जुना फोटो काढायला लागले तर थोरले भाऊजी म्हणाले, "राहू दे तो, नवा काढलाय की." डॉक्टरांनीही मागितला नाही. मी गप्प बसले.

७ महिने गोळ्या चालल्या. मग तिला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं होतं. सुईनं काढलं तर दुधासारखं पांढरं. कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं ते हेच: "जुने फोटो आणलेत?" तिन्ही फोटो तारखेप्रमाणे खिडकीच्या काचेवर धरले. पहिल्यात हाड अख्खं, मधे चीर. दुसऱ्यात मोडलेली टोकं शिसपेन्सिल तासावी तशी निमुळती. तिसऱ्यात खांद्याकडचा भाग नाहीच, आणि खालची बरगडी पुसट. मोडलेलं हाड नवं हाड धरतं. इथे कणभरही धरलेलं नव्हतं. पाण्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, तपासलं (दर डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लसीका गळतेय असं धरतात), मग एमआरआय झाला आणि सिरोलिमस हे या आजारावर देतात ते औषध सुरू केलं.

भाऊजी अजून म्हणतात, जुन्या फोटोनं काय फरक पडला असता? पडला असता. ७ महिन्यांचा. दुसरा फोटो काढला त्या दिवशी पहिला शेजारी धरला असता तर शंका तिथेच आली असती. हाड कमी कमी होत गेलेलं दिसावं लागतं, एका फोटोत ते कळत नाही. गॉरहॅम आणि स्टाउट यांनी १९५५ साली या आजारावर लिहिलं तेव्हा ना सीटी होता ना एमआरआय.

मी डॉक्टर नाही. आपल्याकडे क्षय एवढा आहे की आधी तोच मनात येणार, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका. बरगडीचा तुकडा तपासायला काढू म्हणाले तर दुसरी जागा चालेल का ते जरूर विचारा. बरगडीतून काढल्यावर छातीत लसीका गळू लागल्याची उदाहरणं आहेत. आणि एमआरआयला किरण नसतात. मुलाला वरचेवर तपासायचं तर तोच बरा.

फिल्मच्या कोपऱ्यावर तारीख लिहा, मधे वर्तमानपत्राचा कागद घाला. आमच्याकडच्या पावसात त्या एकमेकींना चिकटतात.