मुंबई बेट आहे म्हणतात, मग सुट्टीच्या दिवशी मुलांना मॉलशिवाय कुठे न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा : बदली होऊन विदर्भातून मुंबईत आलोय, मुलं ६ आणि १० वर्षांची. दोनदा चौपाटीवर गेलो, भेळ खाल्ली, गढूळ पाणी बघितलं आणि परत आलो. समुद्राच्या गावात राहून मुलांबरोबर करण्यासारखं नेमकं काय आहे, आणि त्यात धोका किती?

तुम्ही 'कुठे' विचारलंय, पण इथे आधी 'कधी' ठरवावं लागतं. ज्या किनाऱ्यावर तुम्हाला गढूळ पाणी दिसलं, तिथेच दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी आठला शेकडो मीटर जमीन उघडी पडलेली असते आणि तिच्यावर खेकडे, शंख, समुद्रफुलं यांचा बाजार भरलेला असतो. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराच्या, दिवसांत चार मीटरच्या पुढे जातो, म्हणजे दीड मजला. रविवार बघून निघालात तर निम्म्या वेळा हात हलवत परत याल. तिथी बघून निघा.

कोकणात आणि कोळीवाड्यांत चालणारा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. दुपारी तीन आणि पहाटे तीन, दोन्हीच्या आसपास. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास पुढे-मागे. भरती रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा मेळ बसतो. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे तो फक्त दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ आणि उंची वर्तमानपत्रातल्या किंवा मोबाइलवरच्या तक्त्यातूनच घ्या. तक्ता मुंबईचा, अपोलो बंदरचा असावा.

तक्त्यात वेळेपेक्षा उंचीचा आकडा महत्त्वाचा. दिवसातून दोन ओहोट्या येतात आणि दोन्ही सारख्या नसतात. एक ०.४ मीटर असेल तर दुसरी १ मीटर असू शकते. खडकांवर जायचं तर आकडा ०.८ च्या खाली हवा. १.२ च्या वर असेल तर मी तरी मुलांना खडकांवर नेणार नाही, कारण बघण्यासारखा पट्टा उघडाच पडत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते. ती भर दुपारी येते आणि पाणी अर्ध्यातूनच परत फिरतं. ते दिवस खडकांसाठी वाया गेलेले समजा आणि दुसरीकडे जा. कुठे, ते खाली सांगतो.

आता उधाणाचे दिवस. सगळ्यात मोठी ओहोटी बरोबर पौर्णिमेला किंवा अमावस्येला येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे प्रतिपदा ते तृतीया. या दिवसांत ओहोटी सकाळी पावणेसात ते साडेआठ आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमारास येते. लहान मुलांबरोबर सकाळचीच निवडा, अगदी संध्याकाळची थोडी जास्त खोल असली तरी. संध्याकाळी ओहोटी पूर्ण होईपर्यंत अंधार पडतो आणि नेमकं तेव्हाच पाणी परत यायला लागतं. सकाळी उजेड वाढत असतो, ऊन कोवळं असतं, आणि दहाच्या आत घरी पोहोचून मिसळ खाता येते. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणून द्वितीया-तृतीयेची आठच्या आसपासची ओहोटी सगळ्यात सोयीची.

किनाऱ्यावर ओहोटीच्या आधी एक तास पोहोचा, पाणी उतरेल तसं त्याच्या मागे मागे खाली जा, आणि तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की तोंड फिरवून परत निघा. 'अजून पाणी लांब आहे' म्हणत थांबू नका. इथेच माणसं फसतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग. चार मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं आणि आपल्याला वाटतं, सावकाश येतंय. तिसऱ्या एका तासात मात्र अख्खा मीटर वाढतो. सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यापर्यंतचं पाणी तेवढ्या वेळात. त्यात किनारा एकसारखा उतरता नसतो. तुम्ही उभे असता तो खडक उंच, आणि तुमच्या मागे, रस्त्याच्या बाजूला घळ असते. ती आधी भरते. समोर बघत बसलात तर परतीची वाट कधी बुडाली ते कळतही नाही. म्हणून खाली उतरताना मुलांना मागे वळून वाट दाखवून ठेवा : हा पिवळा दगड, ती पायरी.

पहिल्या वेळी जुहूला जा. वाळू आहे, घसरायला काही नाही, आणि मोठ्यांची भीतीही मोडते. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकापासून चहूबाजूंना गेलेली. ती करतो नखाएवढा खेकडा. पाणी उतरलं की बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं चाळतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. चालत राहिलात तर एकही दिसणार नाही, कारण पावलांचा हादरा बसला की सगळे आत. चार-पाच फुटांवर उकिडवे बसा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलू नका. एकेक करून सगळे बाहेर येतात. सहा वर्षांचं मूल तीन मिनिटं गप्प बसतं ते बहुधा फक्त इथेच. वाळूचीच बनवलेली, गळपट्ट्यासारखी गोल पट्टी सापडली तर ती कचरा समजून तुडवू नका, एका जातीच्या गोगलगायीने वाळूत मिसळून घातलेली ती अंडी असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खडक. हाजी अलीच्या आसपासचा किनारा आणि वांद्र्याचा कार्टर रोड या ओळखीच्या जागा. हाजी अलीच्या भागात सागरी किनारा रस्त्याच्या कामानंतर उतरायच्या वाटा बदलल्यात, तेव्हा एकदा मुलांशिवाय जाऊन वाट बघून या. या खडकांवर खरी पोवळी आहेत. रस्त्याच्या कामात येणाऱ्या काही वसाहती तिथून हलवून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. कार्टर रोडला तिवरांच्या कडेच्या चिखलात निवट्या दिसतात, पाण्याबाहेर परांच्या आणि शेपटीच्या जोरावर उड्या मारत फिरणारा मासा. मुलांना हा सगळ्यात आवडतो. तिथे वास येतो आणि प्लास्टिकही असतं, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घरून निघताना अपेक्षा बरोबर राहील. बँडस्टँडच्या खडकांवर मात्र लहान मुलांना नेऊ नका, लाटेने माणसं ओढली गेली आहेत. मढजवळच्या अक्सा किनाऱ्यावर वाळूत हवं तितकं खेळा, पाण्यात पाऊलही घालू नका. तिथे बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

खडकांवर पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. चप्पल आणि क्रॉक्स नकोत, ओल्या शेवाळावर पाय आतल्या आत सरकतो. पाय कुठे ठेवायचा याची खूण रंगावरून मुलांना शिकवा : पांढरट, खरखरीत, किसणीसारखा भाग धरून ठेवतो, हिरवा केसाळ भाग पाडतो. पण त्या किसणीवर आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडांवर पडलात तर ब्लेडसारखं कापतं, म्हणून पॅन्ट पूर्ण लांबीची हवी. मुंबईच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं, त्यामुळे खरचटलं तरी साबण आणि गोड्या पाण्याने लगेच धुवा. धुण्यासाठी दोन लिटरची वेगळी बाटली ठेवा, पिण्याची वेगळी. धनुर्वाताची लस मुलांची झालेली असते, मोठ्यांची मात्र बहुधा विसरलेली असते. दहाच्या आतल्या दोन मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात फोन नाही.

दगड उलटायचा तर एका हाताने उचलेल एवढाच. तो आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली काही असेल ते पलीकडे पळेल आणि मध्ये दगडाचा आडोसा राहील. बघून झालं की जसा होता तसाच, हळू ठेवायचा. उलटा ठेवला तर त्याखालचे जीव उन्हात सुकून मरतात. हातात धरून बघण्याऐवजी पारदर्शक डबा न्या, त्यात तिथलंच पाणी, जीव दोन मिनिटं आत, मग परत त्याच जागी. जास्त वेळ ठेवला तर पाणी तापतं. शंकूच्या आकाराच्या शंखाला हात लावायचा नाही, रिकामा वाटला तरी. त्यातला प्राणी विषारी दंश करतो. खडकावर हिरव्या-तपकिरी, बटणं शिवलेल्या गालिच्यासारखी जी समुद्री जिवांची वसाहत पसरलेली असते, तीही फक्त बघायची. त्यातल्या काही जातींत तीव्र विष असतं आणि मुलं हात लावून मग डोळे चोळतात. पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

जून ते सप्टेंबर किनारा बंद समजा. लाटा हे एक कारण, दुसरं म्हणजे ब्लूबॉटल. निळसर फुग्यासारखा दिसतो आणि मुलं तो फोडायलाच जातात. वाळूत मेलेला पडला असला तरी त्याचे धागे डंख मारतात. गणेश विसर्जनाच्या सुमारास ब्लूबॉटल आणि पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, यांच्याबद्दल महापालिकाच इशारा देते. डंख बसलाच तर चोळू नका, वाळू लावू नका, साधं थंड पाणीही नाही. चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने धागे काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीस मिनिटं तो भाग बुडवा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बघायचं. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण तिथून थेट डॉक्टरकडे. श्वासाला त्रास किंवा अंगभर सूज दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका.

आता भांगाचे दिवस आणि बाकीचा हंगाम. गेटवेवरून घारापुरी : बोटीला तासाभराच्या आसपास लागतो, सोमवारी लेणी बंद, वर चढायला शंभरावर पायऱ्या. माकडांपासून खाऊ पिशवीत बंद ठेवा. त्यापेक्षा स्वस्त आणि तितकीच मजेची म्हणजे वर्सोवा-मढ किंवा मार्वे-मनोरी फेरी. काही मिनिटांत पलीकडे, बोटीत दुचाकीसुद्धा चढतात, आणि 'आपण बेटावर राहतो' हे मुलांना तिथे न शिकवता कळतं. ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी बघायला वनविभागाची बोट जाते. तिच्या वेळा रोज बदलतात, कारण तीही भरतीवरच चालते. तेव्हा वेळ विचारूनच निघा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी पावसाळ्यातही छान. तिथे १०० हून अधिक लेणी आहेत, तीसुद्धा सोमवारी बंद. कातळात कोरलेले पाण्याचे पाट वाहताना बघायचे तर पावसाळ्यातच. मात्र ओढ्याच्या पात्रात मुलांना उतरवू नका, आणि बिबट्यांचं जंगल आहे म्हणून सकाळ-संध्याकाळी मुलं पुढे, आईवडील मागे असं चालू नका.

किनाऱ्यावरून निघताना मुलांचे खिसे तिथेच रिकामे करा. गोळा केलेल्या शंखांपैकी काहींत शंखखेकडा आत ओढून बसलेला असतो आणि बाहेरून शंख रिकामाच दिसतो. शंख ओल्या वाळूवर ठेवून पाच मिनिटं थांबा, चालायला लागेल तो शंख ठेवून या. न बघता आणलात तर दुसऱ्या दिवशी दप्तराच्या कप्प्यातून जो वास येतो, तो दोन धुण्यांतही जात नाही.